फौजदारीणबाईंचं असेल-नसेल

फौजदारीणबाई दूध घेताना आधी साळूकडे बघायच्या आणि मग दुधाकडे. साळू आमच्या आळीत दूध घालायची. बाई चरवीत करंगळी बुडवणार, थेंब नखावर घेणार, नख उन्हात धरणार आणि विचारणार, "काय गं साळू, आज पाणी म्हशीनं जास्त प्यायलं की दुधानं?"

"देवीची आन बाई, निव्वळ दूध हाय."

"असेल," बाई म्हणायच्या. "नसेलही. कुणाला ठाऊक?" आणि चरवी आत न्यायच्या.

साळू तिथून निघून आमच्या दारात यायची ती तणतणतच. "घ्यायचं तर रोजच घेती, मग येवढी झडती कशापायी? मी काय दरोडा घातलाय व्हय?"

बरं, बाईंनी दूध कधी परत केलं नाही आणि साळूलाही कधी बदललं नाही. एकदा बघायचं, एकदा बोलायचं, संपलं. हे 'एकदा' त्यांच्यात फार होतं, पण ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा दिसायचा तो नुसता संशय.

नावाच्या त्या द्वारकाबाई. पण त्या नावानं हाक मारणारं गावात कुणी नव्हतं. त्यांचे यजमान फौजदार होते, ते नोकरीतच वारले. पुढे बाई आमच्याच गावात का आल्या, कुणाच्या ओळखीनं आल्या, काही पत्ता नाही. प्रवरेच्या काठचं आमचं गाव, नेवाशाहून सकाळी बैलगाडीनं निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं एवढं लांब. तिथं घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या समोरच, त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि राहिल्या. उंच, हाडकुळ्या, कपाळ मोकळं, आणि डोळे असे की समोरच्यानं न केलेला गुन्हासुद्धा कबूल करून मोकळं व्हावं.

दिवस चळवळीचे होते. गावातली चार तरणी पोरं घरात दिसेनाशी झाली होती, आणि कोण कुठं आहे हे विचारायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. अशात ही पोलिसातल्या माणसाची बायको, कुणी न बोलावता येऊन राहिलेली. मग काय! बाई घाटावर आल्या की बायका धुणं जोरात आपटायच्या आणि बोलायच्या हळू. "ही चौकीला बातम्या पुरवती," असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला तरी त्यांच्यामुळे कुणी पकडला गेल्याचं आठवत नाही, पण ठरवलेल्या गोष्टीला पुरावा कशाला लागतो?

आणि बाईंचाही आमच्यावर भरवसा तेवढाच. लोणच्याच्या बरणीवर कोळशाची रेघ. गवऱ्यांच्या ढिगावर राखेची खूण. वाण्याकडं रॉकेल मिळायचं मारामारीनं, तरी बाटली आधी नाकाशी. देवळात पळीभर तीर्थ हातावर घेतलं तरी बाई आधी वास घ्यायच्या, आणि ते तीर्थ देणाऱ्या आमच्या वडिलांना, अण्णांना, फार लागायचं.

एक गोष्ट मात्र आम्हा पोरींना गमतीची वाटायची. बाई बाहेर निघताना घराला कुलूप लावायच्या, एकदा ओढून बघायच्या, आणि तो हात लगेच काखेत दाबून, मागं कुणी लागल्यासारख्या झपाझप चालू पडायच्या. वळून म्हणून बघायच्या नाहीत. एवढी संशयी बाई, आणि कुलूप एकदाच ओढते! आम्ही म्हणायचो, घरात सोन्याचा हंडा असणार, कुणाला कळू नये म्हणून अशा पळतात.

आता सुमीचं सांगते, कारण सुमीवाचून बाई सांगता येत नाहीत.

आम्ही गुरव. गावच्या देवीची पूजा आमच्या घराकडे. अण्णा पूजा करायचे, आई पत्रावळी लावायची, आणि देवीला फुलं तोडून आणायचं काम माझ्या पाठच्या बहिणीचं, सुमीचं. परकर सावरत पळणारी पोर ती. देवळामागं कण्हेरीची रांग होती, फुलं तिथलीच. एका उन्हाळ्यात साळूच्या म्हशीचं पारडू तिथं सुटून आलं, कण्हेरीचा पाला खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत मेलं. साळू रडता रडता बोलून गेली, "झाड कसलं, इखच हाय त्ये. हाताला लागलं तरी मानूस मरंल." रडणाऱ्या माणसाचं बोलणं ते. आम्ही विसरलो. सुमी विसरली नाही.

आधी ती हात धुवायला लागली. आम्हाला बरंच वाटलं. मग ती रांजणाशी जाऊन उभी राहायला लागली. "आई, माझ्या हातनं पान्यात काय पडलं न्हाई ना?"

"न्हाई गं बाळा."

"बघितलंस का तू?"

"बघितलं."

"पन मी पाठमोरी हुते तवा?"

हे दिवसभर. मग एक दिवस तिनं भरलेला रांजण कलंडून दिला. उन्हाळा, नदी आटलेली, वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि ही पोर आम्ही आणलेलं पाणी रस्त्यावर ओतते! आईनं पाठीत धपाटा घातला, मग स्वतःच रडत बसली. पुढं पुढं सुमी झोळीतल्या धाकट्या भावाला हात लावेना. जेवायला आमच्या पंगतीत बसेना, म्हणायची, "माझा हात तुमच्या ताटाकडं गेला तर?" हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती. शेजारणी म्हणाल्या, पोरीला मंत्रचळ लागला. आता नातवंडं सांगतात की याला डॉक्टर लोकांत नाव आहे, औषधं आहेत, बोलून बरं करणारी माणसं आहेत. तेव्हा आमच्याकडे होती देवी.

म्हणून अण्णांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली की देवी म्हणाली काळजी नको. अण्णांनी विचारलं, "माझ्या लेकीच्या हातून पाण्यात काही गेलं नाही ना गं आई?" उजवी पडली. सुमी अशी हसली म्हणता! गटागटा पाणी प्यायली. अण्णांचे डोळे भरून आले.

दुपारी परत आली. "अण्णा, मघाचं पानी मघाचं. आता?"

बापाचं मन. परत कौल. मग सकाळी एक, दुपारी एक, दिवे लागताना एक. दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं नसतं; बाकीच्यांची पोरं दुखण्यात वैद्याला विचारतात, आमची देवीलाच विचारत होती आणि देवी घरचीच, नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी व्हायचं तेच झालं. एक दिवस डावी पडली. अण्णा घाईनं म्हणाले, वारा आला, परत लावू. पण सुमीनं बघितलं होतं. त्या दिवसापासून तिनं पाण्याला तोंड लावायचंच सोडलं. आई ओल्या फडक्यानं ओठ भिजवायची आणि ताकाचे, पेजेचे दोन घोट बळंच पाजायची, तेवढंच.

मामा आले. त्यांनी बघितलं आणि सांगून टाकलं, "हे भायेरचं हाय. येत्या अवसंला हिला भुतं उतरवत्यात त्या ठाण्यावर न्यायाचं. तिथं खांबाला बांधत्यात, धुरी देत्यात, धा दिवस ऱ्हायलं की उतरतं." एक मुलगी तशी नेलेली आम्हाला माहीत होती. ती परत आली ती बोलतच नव्हती. अवस येईपर्यंत काही झालं तर झालं, नाहीतर सुमी जाणार, असं ठरलं.

अशात एके सकाळी फौजदारीणबाई आमच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्या आजवर कधी आलेल्या नव्हत्या. आई दाराआड झाली, अण्णा उठून उभे राहिले.

"घरात कोण आजारी आहे?" बाईंनी विचारलं.

"कुनी न्हाई."

"मी माझ्या खिडकीतून बघते. चांगलं पाणी रस्त्यावर ओतता. पोरगी बाहेर दिसत नाही. पटकी लपवताय की काय? लपवलीत तर गाव जाईल, सांगून ठेवते."

अण्णांना राग आला, पण पटकीचं नाव गावभर होण्यापेक्षा त्यांनी खरं ते सांगितलं. बाई ऐकत होत्या, पण विश्वास ठेवतील तर त्या फौजदारीण कसल्या! म्हणाल्या, "पोरीला आणा. मी तिलाच विचारते." सुमी भिंतीला धरून आली. बाईंनी तिला समोर बसवलं, चौकीवर बसवतात तसं.

"पाण्यात काय टाकलंस?"

"काय न्हाई टाकलं."

"मग झालं."

"पन पडलं असंल तर?"

आम्ही सगळे एकदम म्हणणार होतो, नाही गं पडलं. बाईंनी हात वर केला. सुमीकडे टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "असेल. नसेलही. कुणाला ठाऊक?"

आई दाराआडून कळवळली, "अवो बाई!" पण सुमीकडे मी बघत होते. इतक्या दिवसांत तिला 'नाही' न म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. ती रडली नाही. नुसती बघत राहिली, कोडं पडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून बाईंच्या पायरीवर जाऊन बसली. आईनं हातातली पत्रावळ खाली टाकली. पोलिसाची बाई, पोरीशी काय बोलते, काय खायला घालते, पोरीकडून घरातल्या काय गोष्टी काढून घेते? मला म्हणाली, "सूप घे, डाळ घे, आन् जा तितं निवडाया. कान उघडे ठेव." बाईंनी माझ्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं. "आईनं पाठवलं ना? बस. नीट ऐकू येईल अशी बस."

मग मी जे ऐकलं ते सांगते. बाई कधी गोड बोलल्या नाहीत. सुमीला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. त्या स्वयंपाकाचं करता करता बोलायच्या. "आमचे फौजदार सांगायचे, खरा फिर्यादी चौकीवर एकदा येतो. आपली फिर्याद सांगतो, घरी जातो. जो रोज येऊन तीच फिर्याद नव्यानं सांगतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची. तुझ्याकडे हा जो येतो, पाण्यात पडलं असेल म्हणून सांगणारा, तो रोज येतो की नाही?"

"रोज येतो."

"मग त्याचाच संशय घे की! सगळ्या जगाचा घेतेस, त्याचा का नाही घेत?"

"त्याला हाकलू का?"

"हाकलायचं नाही. हाकलला की दारात ओरडत बसतो. ओट्यावर बसू द्यायचं. पण त्याला पान-सुपारी नाही, उत्तर नाही. आपण आपली भाजी चिरायची. बसून बसून कंटाळतो तो."

आणि तसं त्या करवून घ्यायच्या. सुमीला हात धुवावेसे वाटले की म्हणायच्या, "ऊन खालच्या पायरीवर येऊ दे, मग धू." ऊन खालच्या पायरीवर येईपर्यंत ती पोर थरथरायची, घामाघूम व्हायची, मला सूप टाकून तिला घेऊन पळावंसं वाटायचं. पण कधी कधी ऊन खालच्या पायरीवर यायचं आणि सुमी सागरगोटे खेळत असायची, हात धुवायचे राहूनच जायचे. मग बाईंनी तिला आपल्या माठातलं पाणी वाढायला लावलं. सुमी ओठ चावत भांडं भरायची. "काकू, इख असंल तर?" "असेल." आणि बाई पिऊन टाकायच्या. पिताना मात्र, जन्मात पहिल्यांदा, वास घ्यायच्या नाहीत.

एक दिवस बाई देवळात आल्या. अण्णा सुमीसाठीच कौल लावत होते. ती बाईंकडे शिकत होती आणि घरी येऊन देवीला विचारत होती. बाई म्हणाल्या, "गुरव, हे बंद करा."

अण्णा तसे शांत, पण तेव्हा भडकले. "तीर्थाचा वास घेता, चालवून घेतलं. आता द्येवीच्या कौलावर संशय?"

"देवीवर नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, तिनं सांगितलं. मग दुपारी परत का विचारलंत? तिनं सांगितलेलं तुम्हाला पटलं नव्हतं का? या गावात सगळ्यांत संशयी मी, असं म्हणता. मी साळूला सुद्धा एकदाच विचारते. तुम्ही आपल्या देवीला दिवसातून तीनदा विचारता."

अण्णांच्या हातात ओली कळी होती. ती त्यांनी लावली नाही. तबकात ठेवली. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "सुमे, कौल बंद."

अवस तीन-चार दिवसांवर आली आणि घोटाळा झाला. बाईच आजारी पडल्या. जुलाब, उलट्या. उन्हाळ्यात गावात घरोघरी चाललं होतं ते, पण साळूनं पाणवठ्यावर तोंड सोडलं, "गुरवाच्या पोरीच्या हातचं पानी पेली न् आडवी झाली!" दुसरीनं निराळंच काढलं, पोलिसाची बाई ढोंग करते, पोरीवर बालंट आणायला. म्हणजे काही झालं तरी संशय ठेवायला जागा होतीच. सुमीला हे कळल्यावर ती कोपऱ्यात गेली आणि कपाळ भिंतीवर घासायला लागली. "मीच मारलं. आक्का, मीच मारलं काकूला."

मला दुसरं सुचलं नाही. मी तिला हाताला धरून बाईंकडे नेलं.

बाई बाजेवर पडल्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. सुमी उंबऱ्यातच थांबली. "काकू, माझ्यामुळं झालं का?"

मी मनात देवीला हात जोडले. म्हटलं, बाई, आता तरी नाही म्हणा. मरता मरता तरी पोरीला एक 'नाही' द्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मनातलं त्यांना दिसलं असणार. मग त्या सुमीला म्हणाल्या, अगदी हळू, "असेल. नाहीतर परवा भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, त्यानं असेल. नाहीतर गावाला झालंय तेच असेल. कुणाला ठाऊक? मला तहान लागलीय. पाणी दे."

"मी?"

"तूच."

सुमी माझ्याकडे वळली. मी खाली बघितलं. माठापर्यंत ती कशी गेली तिलाच माहीत. भांडं माठाच्या कडेवर वाजत होतं. निम्मं सांडलं. उरलेलं तिनं बाईंच्या ओठांना लावलं, आणि बाई डोळे मिटून सगळं प्यायल्या. मग सुमी तिथंच बाजेच्या पायाशी बसली. धुवायला उठली नाही. ऊन खालच्या पायरीवर आलं, तिथून उतरून रस्त्यावर गेलं, तरी उठली नाही. बाईंना झोप लागली तेव्हा सुमी मला म्हणाली, "आक्का, त्यो आलाय. बसलाय ओट्यावर. बसू दे."

अवसेच्या सकाळी मामा गाडी जुंपून आले. तोवर बाई उठून बसायला लागल्या होत्या, पण मामांच्या दृष्टीनं ते काहीच नव्हतं. "त्या बाईनं पोरीला आनिक काय करून ठिवलंय कुनाला म्हाईत. चला, आटपा."

आई सुमीची वेणी घालत होती. गाडी बघून सुमीचा धीर सुटला, आणि किती दिवसांनी तिनं तो जुना प्रश्न विचारला. "आई, सकाळी मी रांजण भरला. पान्यात काय पडलं न्हाई ना?"

मामा म्हणाले, "बघा! ऐकलं?"

आईचे हात वेणीतच थांबले. तोंडापर्यंत आलेलं 'न्हाई गं बाळा' तिनं गिळलेलं मी डोळ्यांनी बघितलं. आणि मग आमची ती देवभोळी आई, जिनं बाईंना कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, रडवेल्या आवाजात म्हणाली, "असंल बाई. नसंलबी. कुनाला ठावं?"

सुमीनं मान वळवून आईकडे बघितलं, आणि हसली. खुदकन. आईच्या तोंडी ते शोभतच नव्हतं मुळी. आईनं वेणीला गाठ मारली, उठली, रांजणातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि भावापुढं धरलं. "दादा, उन्हातनं आलास. पानी पी, जेव, आन् गाडी मोकळीच घिऊन जा."

मामा त्या तांब्याकडे बघत राहिले. प्यायले मात्र नाहीत. जेवलेही नाहीत.

सुमीचं सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. पुढं तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, तरी मधून मधून तो यायचा आणि ओट्यावर बसायचा. ती भाजी चिरत राहायची. बाईंचंही काही बदललं नाही. साळूच्या दुधात करंगळी, रॉकेलच्या बाटलीला नाक. आणि गावानंही त्यांना चौकीची बाई म्हणायचं सोडलं नाही. स्वराज्य आलं त्या वर्षी देवळापुढं साखर वाटली, बाईंनी चिमूट तळहातावर घेतली, निरखली, आणि अण्णांना म्हणाल्या, "खरंच आलं म्हणता? असेल."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचा पुतण्या त्यांना न्यायला आला. कोपरगावाकडं त्याचं बिऱ्हाड होतं. गाडीत सामान चढलं. निरोपाला गाव आलं नव्हतं, आम्ही होतो. बाईंनी रिकाम्या घराला कुलूप लावलं, एकदा ओढलं, हात काखेत दाबला आणि नेहमीसारख्या झपाझप निघाल्या.

गाडीशी पोचल्या आणि थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना थांबलेलं बघितलं. एक पाय चाकाच्या आऱ्यावर, आणि मान हळूहळू मागं वळायला लागली. चेहरा मला ओळखीचा वाटला. तोच चेहरा मी रांजणापाशी सुमीचा पाहिला होता. काखेतला हात त्यांनी अजून घट्ट दाबला.

पुतण्या म्हणाला, "काकू, लागलंय कुलूप, मी बघितलंय."

सुमी माझ्याशेजारी ओट्यावर उभी होती. तिनं पुतण्याला हातानं गप्प केलं आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "काकू! लागलं असंल. नसंलबी. कुनाला ठावं?"

बाईंची मान होती तिथं थांबली. त्यांनी सुमीकडे बघितलं, रागानं की कशानं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मग त्या गाडीत चढल्या, आमच्याकडे पाठ करून बसल्या. गाडी घाट उतरून वाळूत गेली, पलीकडच्या काठाला चढली. एवढ्या लांबूनही दिसत होतं, त्यांनी दोन्ही हातांनी गाडीची दांडी धरली होती, आणि वळून म्हणून बघितलं नाही.